दुधनीच्या स्टेशनमास्तरांची मुलगी

सोलापूरहून दक्षिणेकडे जाणारी गाडी धरली, की होटगी आणि अक्कलकोट रोड मागे टाकून ती दुधनीला येते. स्टेशन छोटे. आजूबाजूला काळी जमीन, तुरीची शेते आणि निम्मे मराठी, निम्मे कानडी बोलणारी माणसे. पुढे गाणगापूर रोड आणि मग कलबुर्गी. मोठ्या गाड्या इथे थांबत नाहीत, त्यामुळे मुंबई-मद्रास मार्गावरून वर्षानुवर्षे प्रवास करणाऱ्यांनाही दुधनी फक्त खिडकीतून पळणाऱ्या पाटीपुरते ठाऊक असते. एकेकाळी या स्टेशनच्या मास्तरांच्या घरी एक मुलगी जन्मली. पुढे साऱ्या हिंदुस्थानने तिच्या गाण्यावर जीव टाकला. तिचे नाव शांता आपटे.

आपण सोलापूरकर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे ते नाव घराघरांत गेले. पण त्याच शांतारामांच्या त्याआधीच्या एका चित्रपटाची नायिका आपल्याच जिल्ह्यातली होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही उशिराच कळले, आणि तेही माझ्या आजीमुळे.

आजीची गोष्ट आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय शांताबाईंची गोष्ट पुरी होणार नाही. १९३२ साली आजीचे लग्न झाले, तेव्हा शारदा कायद्याने ठरवलेली चौदा वर्षे पुरी होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. नवरा बिजवर, चाळिशीला टेकलेला, पहिल्या बायकोची दोन मुले घरात. आजोबा वाईट माणूस नव्हते. घरातल्या बायकांना सिनेमा दाखवण्याइतके सुधारलेलेही होते. ‘संत तुकाराम’ त्यांनी सगळ्यांना टांग्यात घालून दाखवून आणला. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, त्याच प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ आला. तो मात्र आमच्या घरातल्या बायकांनी पाहायचा नाही असे ठरले. कारण कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. सगळ्यांना ते माहीतच होते.

पन्नास वर्षे उलटत आली. घरात दूरदर्शनचा संच आला होता. अँटेना फिरवून फिरवून चित्र स्थिर करायचे ते दिवस. एका संध्याकाळी ‘कुंकू’ लागणार असल्याचे कळले. आजी दुपारपासून वाट पाहत होती. चित्रपट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ती भिंतीला टेकून बसून राहिली, एकदाही उठली नाही. संपल्यावर तिने मला एवढेच विचारले, की त्या मुलीचे पुढे काय झाले. मी म्हटले, चित्रपट तर संपला. तिने मान हलवली. तिला गोष्टीतल्या नीरेबद्दल विचारायचे नव्हते. नीरेचे काम करणाऱ्या मुलीबद्दल विचारायचे होते. मला काहीच सांगता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर बरीच वर्षे जमवत राहिलो.

शांताबाईंना गाण्याचा कान लहानपणापासून होता. गणेशोत्सवात त्यांचे गाणे होई. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्या शिकल्या. म्हणजे जन्म दुधनीचा आणि गाणे पंढरपूरचे, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातले. बंधू बाबूराव आपटे यांची या बहिणीवर कडक नजर असे. तिची तालीम, तिची कामे, तिचा व्यवहार हे सगळे तेच पाहत. कोवळ्या वयातच भालजी पेंढारकरांनी त्यांना ‘श्यामसुंदर’ या बोलपटात राधेचे काम दिले. साल १९३२. शाहू मोडक त्यात श्रीकृष्ण झाले होते. बोलपटाला नुकते कुठे एक वर्ष झाले होते, आणि हा चित्रपट मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला.

प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिथला तिचा पहिला मोठा चित्रपट म्हणजे १९३४ चा ‘अमृतमंथन’. चंद्रमोहन यांचे ते घारे, पडदाभर पसरलेले डोळे ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. त्याच चित्रपटात शांताबाईंनी नायकाच्या बहिणीचे, सुमित्राचे काम केले. काम तसे दुय्यम, पण गाणी अशी गायली की लोक त्यांचेच नाव घेत बाहेर पडले.

यात विशेष काय होते, हे आजच्या वाचकाला समजावून सांगावे लागेल. त्या काळी पार्श्वगायन रुळलेले नव्हते. नट-नट्यांना कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावे लागे. बहुतेक जण नाटकातल्या सवयीने एका जागी खिळून, समोर पाहून गात. गाणे सुरू झाले की अभिनय थांबे. शांताबाई मात्र गाताना डोळ्यांनी बोलत, मान वळवत, हात हलवत, चालत-फिरत. गाणे आणि अभिनय यांच्यातली भिंत त्यांनी सहजपणे पाडून टाकली. संगीतकार केशवराव भोळे यांच्या चालींना हे गाणे अचूक सापडले होते. १९३६ च्या ‘अमरज्योती’त दुर्गा खोटे यांच्यासारखी भारदस्त अभिनेत्री समोर असतानाही राजकन्येच्या भूमिकेतल्या शांताबाई झाकोळल्या नाहीत.

मग आला ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर शांतारामांनी तो काढला. हिंदीत त्याचे नाव ‘दुनिया न माने’. पोरक्या नीरेला मामा पैशांसाठी एका वयस्क, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांचे ते काम केशवराव दाते यांनी केले. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. देवलांचे ‘शारदा’ १८९९ सालीच रंगभूमीवर आले होते. पण शारदेचे लग्न इतरांनी मोडले. नीरेचे लग्न लागून चुकले आहे, तिला सोडवायला कोणी येणार नाही, आणि तरीही ती त्या घरात राहून, डोळ्याला डोळा भिडवून सांगते की हे लग्न मला मान्य नाही. ती रडत बसत नाही आणि विहीरही जवळ करत नाही. स्वयंपाक करते, घर सांभाळते, पण नवऱ्याला नवरा मानत नाही. सावत्र मुलगा लगट करू पाहतो तेव्हा त्याला छडीने फोडून काढते.

शांतारामांनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिले नाही. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे ठोके, रस्त्यावरचे, घरातले आवाज, एवढेच. गाणीही प्रसंगातूनच येतात. लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक कविता शांताबाईंनी त्यात इंग्रजीतून गायली आहे. नऊवारी नेसलेली ती मुलगी परक्या भाषेत, जगण्याला हिमतीने सामोरे जाण्याबद्दल गाते. ते पाहताना आजी, जिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पुढे सरकून बसली होती, हे मला आठवते.

शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते नीरेला मुलगी मानतात, आणि तिला मोकळे करण्यासाठी स्वतःचा जीव देतात. आजीला हा शेवट पटला नाही. म्हाताऱ्याला आता कुठे शहाणपण आले होते, त्याने मरायला नको होते, जगून दाखवायला हवे होते, असे तिचे म्हणणे पडले. ‘कुंकू’वर मी पुष्कळ वाचले आहे, पण इतके न्यायाचे परीक्षण वाचलेले नाही.

‘कुंकू’ने शांताबाई देशभर पोचल्या. त्याच वर्षी ‘वहाँ’ आणि १९३८ साली ‘गोपालकृष्ण’ आला. त्यात राम मराठे कृष्ण आणि शांताबाई राधा. पण लोकांच्या मनात राहिली ती छडी उगारणारी नीरा. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे बाबूराव पटेल हे त्या काळचे जहाल संपादक. त्यांच्या लेखणीला सगळी चित्रसृष्टी टरकून असे. त्यांनी आपल्याविषयी वाटेल ते लिहिले म्हणून शांताबाई छडी घेऊन थेट त्यांच्या कचेरीत गेल्या आणि त्यांना चोप दिला, असे सांगितले जाते. हा किस्सा पुढे अनेकांनी चवीने रंगवला. ऐकणारे हसत, कारण पडद्यावरची नीरा खऱ्या आयुष्यात उतरली याची त्यांना गंमत वाटे.

त्यानंतर जे घडले ते मात्र गमतीचे नव्हते.

त्या काळी कंपनी म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंबच होते. नट-नट्यांपासून सुतारांपर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे, बाहेरचे काम घ्यायचे नाही. या शिस्तीतूनच प्रभातचे अजोड चित्रपट निघाले, हे नाकारता येत नाही. पण करारात बांधलेल्या माणसाला दुसरी बाजूही असते. कंपनी काम देईल तेव्हाच काम, आणि दुसरीकडे जायचे तर परवानगी नाही. शांताबाईंचा कंपनीशी करारावरून आणि पगारावरून वाद झाला. १९३९ साली त्या प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसल्या.

क्षणभर ते चित्र डोळ्यांसमोर आणा. ज्यांचे गाणे ऐकायला लोक तिकिटांसाठी रांगा लावत, ती देशातली आघाडीची अभिनेत्री पहारेकऱ्याच्या जागी, रस्त्यावरच्या माणसांसमोर, अन्न सोडून बसली आहे. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. बघ्यांची गर्दी झाली. अखेर तब्येतीच्या काळजीने उपोषण थांबले आणि शांताबाईंनी प्रभात सोडली.

मी आयुष्यभर बँकेत करारांचे कागद हाताळले. पहिल्या पानावरची रक्कम सगळे वाचतात, मागच्या पानावरच्या अटी कोणी वाचत नाही. वाद झाला की मात्र त्या मागच्या पानावरच निकाल लागतो. त्यामुळे त्या वादात कंपनीची बाजू अगदीच पोकळ असेल असे मी म्हणणार नाही. पण मला खुपते ते वेगळेच. चित्रगृहाच्या अंधारात नीरेने नकार दिला तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतल्याच अनेकांना फाटकावर बसलेली शांता आपटे हा तमाशा वाटला. बाईचा नकार लिहून दिलेला असला की शोभतो आणि स्वतःचा असला की हट्ट ठरतो. आमच्या आजोबांनी ‘कुंकू’ घरात येऊ दिला नाही. त्यांना निदान एवढे कळले होते, की हा चित्रपट पडद्यावरच संपणारा नाही.

ही लढाई एकट्या पुण्यातच चालली होती असे नाही. हॉलिवूडमध्येही कंपन्यांचे करार असेच आवळलेले होते. बेटी डेव्हिस १९३६ साली वॉर्नर ब्रदर्सशी भांडून इंग्लंडला निघून गेली. लंडनच्या न्यायालयात खटला हरली आणि तिला परतावे लागले. ‘गॉन विथ द विंड’मुळे आपल्याकडच्या प्रेक्षकांनाही माहीत झालेली ऑलिव्हिया डी हॅविलंड त्याच कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली आणि १९४४ साली जिंकली. कलावंताला सात वर्षांपेक्षा जास्त काळ बांधून ठेवता येणार नाही, असा तो निकाल. आजही कॅलिफोर्नियात तो तिच्याच नावाने ओळखला जातो. या दोन तारखांच्या मधोमध दुधनीच्या मुलीचे उपोषण येते. तिच्यापाशी ना तसा कायदा होता, ना तसे वकील. होते ते फक्त स्वतःचे शरीर आणि गांधीजींच्या हिंदुस्थानात सगळ्यांना ठाऊक झालेले उपोषणाचे हत्यार.

आणि नंतर एक लेखणी. १९४० साली शांताबाईंचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक निघाले. सिनेमात यायला उत्सुक असलेल्या तरुण मुलामुलींनी जो प्रश्न त्यांना विचारला असता, तोच त्यांनी नाव म्हणून घेतला. नटीने पुस्तक लिहायचे तर आठवणी, कौतुके, छायाचित्रे यांचे, अशी अपेक्षा असते. शांताबाईंनी लिहिले ते कामाविषयी. स्टुडिओ हा कारखाना कसा आहे, त्यात माणूस कच्च्या मालासारखा कसा वापरला जातो, पैसा लावणारा आणि राबणारा यांचे नाते काय, आणि दिव्यांच्या झोतात तासन् तास उभे राहून शरीर कसे झिजते, हे त्यांनी मांडले. त्या पुस्तकाकडे अलीकडे देशोदेशीचे अभ्यासक वळले आहेत. आपल्याला मात्र ते समजायला अभ्यासक असण्याची गरज नाही. ज्या शहराने जुन्या गिरणीचा भोंगा ऐकत दिवस काढले, ज्या शहरात पाळी संपल्यावर कापूस माखलेली माणसे थकून घरी परतताना रोज दिसत, त्या सोलापूरला थकवा म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. पडद्यावरची अप्सराही अखेर पाळीवरच जाते, एवढेच शांताबाईंनी सांगितले.

प्रभात सुटली म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. १९४१ साली त्या तमिळ ‘सावित्री’त झळकल्या. मुंबई-मद्रास रुळांच्या कडेला जन्मलेली मुलगी त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला पोचली. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या आणि आपले संवाद व गाणी त्यांनी स्वतःच म्हटली. नारदाच्या भूमिकेत होत्या साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी! ‘कल्की’ हे साप्ताहिक उभे करायला पैसा हवा म्हणून सुब्बुलक्ष्मींनी ती भूमिका घेतली होती. त्यानंतर लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’ (१९४२) आणि नूरजहानबरोबरचा ‘दुहाई’ (१९४३). मद्रास ते लाहोर, एवढा पल्ला त्यांनी तीन वर्षांत मारला. १९४६ साली ‘वाल्मिकी’त त्या पृथ्वीराज कपूर यांच्यासह दिसल्या. दिग्दर्शक होते भालजी पेंढारकर, ज्यांनी त्यांना पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे केले होते.

त्याच वर्षी मास्टर विनायकांचा ‘सुभद्रा’ आला. त्यात शांताबाईंच्या सोबत एका कोवळ्या मुलीने गाणे गायले. तिचे नाव लता मंगेशकर. एका गाण्यात दोन काळ शेजारी उभे होते. एक, ज्यात गाणारीच दिसायची. दुसरा, ज्यात दिसणारी वेगळी आणि गाणारी वेगळी असणार होती. १९४९ साली ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ आले, आणि गायक-नटीची गरज संपली. त्या साली शांताबाईंच्या चित्रपटांत एकाचे नाव होते ‘मैं अबला नहीं हूँ’. नाव त्यांना शोभणारे होते, पण दिवस मावळत आले होते. मराठीत ‘ताई तेलीण’ (१९५३), गुजरातीत ‘मुळू माणेक’ (१९५५) आणि १९५८ सालचा ‘रामभक्त बिभीषण’. मग पडदा रिकामा. काही महिन्यांच्या आजारानंतर २४ फेब्रुवारी १९६४ रोजी अंधेरीच्या घरी त्यांचे निधन झाले. पन्नाशीही त्यांनी गाठली नव्हती. मराठी रंगभूमी गाजवणाऱ्या अभिनेत्री नयना आपटे या त्यांच्या कन्या.

त्याच फेब्रुवारी महिन्यात पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. जुन्या चित्रपटांची रिळे जपणे हे त्याचे काम. प्रभातच्या जागेत तर १९६० सालीच चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली होती. ज्या आवारात शिरताना शांताबाई अडल्या, तिथे आज मुलेमुली ‘कुंकू’ अभ्यास म्हणून पाहतात.

आजीला हे सगळे सांगायचे राहून गेले. माझे उत्तर जमेपर्यंत ती थांबली नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले, या तिच्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन, की ती नीरेपेक्षा पुढे गेली. नीरेला मोकळे करायला एका माणसाला मरावे लागले. शांताबाईंनी आपली सुटका आपणच करून घेतली आणि तिची किंमतही आपणच मोजली.

आणि आजी, आणखी एक. ती आपल्याकडचीच होती. तू दर वर्षी गाणगापूरला जाताना ज्या स्टेशनावर पाण्याचा तांब्या भरून घ्यायचीस ना, त्याच स्टेशनावरची.